कार्यकारी मंडळ (सार्वजनिक संस्था)

कार्यकारी मंडळ म्हणजे नफा हा हेतू नसलेल्या सार्वजनिक संस्थेचा कारभार सभासदांच्या आणि समाजाच्या वतीने चालवणारा, संस्थेच्या घटनेनुसार निवडलेला किंवा नेमलेला व्यक्तिसमूह होय. वाचनालये, शिक्षणसंस्था, वसतिगृहे, रुग्णालये, देवस्थाने, साहित्यसंस्था, व्यायामशाळा, नाट्यमंडळे अशा संस्थांचे धोरण, मालमत्ता, पैसा आणि सेवकवर्ग यांची अंतिम जबाबदारी या मंडळाकडे असते. मंडळाचे सदस्य सहसा विनावेतन काम करतात. संस्थेच्या नफ्यात त्यांचा वाटा नसतो आणि संस्थेची मालमत्ता त्यांच्या ताब्यात असली तरी त्यांच्या मालकीची नसते. संस्था स्थापन करणारी पिढी गेल्यानंतर संस्था टिकेल की नाही, हे बहुतेक वेळा या मंडळाच्या कामाच्या रीतीवर ठरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील नोंदणीकृत संस्थांच्या संदर्भात मंडळाची रचना, कार्यपद्धती आणि त्याच्या यशापयशाची कारणे यांचा विचार केला आहे.

संज्ञा व स्वरूप

मराठीत या मंडळाला कार्यकारिणी, व्यवस्थापक मंडळ, नियामक मंडळ, विश्वस्त मंडळ अशी निरनिराळी नावे आहेत. नावे बदलली तरी मूळ कल्पना एकच असते. सर्व सभासद मिळून होते ती सर्वसाधारण सभा. ही सभा वर्षातून एकदोनदाच भरत असल्याने मधल्या काळात तिच्या वतीने निर्णय घेण्यासाठी एक लहान मंडळ नेमले जाते. काही मोठ्या संस्थांमध्ये दोन स्तर असतात. धोरण ठरवणारे नियामक मंडळ वरच्या स्तरावर असते आणि रोजचा कारभार पाहणारी कार्यकारी समिती खालच्या स्तरावर असते.

खाजगी उद्योगाच्या संचालक मंडळापेक्षा हे मंडळ एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे आहे. कंपनीच्या संचालकांना जाब विचारणारे भागधारक असतात आणि कामगिरी मोजण्यासाठी नफ्यातोट्याचे माप असते. सार्वजनिक संस्थेत देणगीदार बहुधा दूर असतो, कधी हयातही नसतो. वसतिगृहातील विद्यार्थी, वाचनालयाचा वाचक, रुग्णालयातील रुग्ण यांना मंडळाच्या सभेत बसण्याचा अधिकार नसतो. म्हणून मंडळाने स्वतःवर घालून घेतलेली बंधने हाच या संस्थांचा मुख्य आधार असतो. मंडळाच्या कामकाजाचे बहुतेक नियम या एका गरजेतून निर्माण झाले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सभा, समिती, निवडणूक आणि ठराव या मार्गाने चालणाऱ्या संस्थांची परंपरा एकोणिसाव्या शतकात रुजली. या परंपरेतील एक महत्त्वाची संस्था देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारीतून जन्माला आली. पुण्यातील पर्वती देवस्थानाच्या व्यवस्थेबद्दल लोकांत असंतोष होता. त्या निमित्ताने लोकांचे प्रतिनिधित्व करणारी संस्था असावी हा विचार पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. सभेच्या सभासदाने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. आरंभी सुमारे ६,००० लोकांच्या वतीने ९५ सभासद निवडले गेले. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे सभासदाला कागदावर दाखवावे लागणे हे या नियमाचे वैशिष्ट्य होते.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आरंभीचा इतिहास मंडळांच्या अभ्यासात विशेष उपयोगी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, महादेव बल्लाळ नामजोशी आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या प्रयत्नांतून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. १८८४ मध्ये सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. संस्थेच्या कामाला वाहून घेतलेले आजीव सदस्य हा या संस्थेचा कणा होता. सदस्यांनी अल्प वेतनावर काम करावे, हे तत्त्व सर्वांना मान्य होते. परंतु सदस्याने संस्थेबाहेर किती काम करावे आणि बाहेरच्या मिळकतीचे काय करावे, या प्रश्नांवर तीव्र मतभेद झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा हा वाद टोकाला गेला. १८९० च्या अखेरीस टिळकांनी सविस्तर पत्र लिहून आपल्या राजीनाम्याची कारणे मांडली आणि ते संस्थेबाहेर पडले.

पुढे सार्वजनिक सभेतही फूट पडली. १८९५ मध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळात टिळकांच्या अनुयायांचे बहुमत झाले. त्यानंतर महादेव गोविंद रानडे आणि गोखले यांच्या गटाने १८९६ मध्ये डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. या दोन्ही घटनांतील व्यक्ती असामान्य योग्यतेच्या होत्या आणि त्यांच्या सार्वजनिक निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही संस्था दुभंगल्या. सदस्यांचा चांगुलपणा आणि विद्वत्ता यांच्या बळावरच मंडळ एकत्र राहते, ही समजूत अपुरी आहे हे यातून दिसते. दुसरीकडे, टिळक गेल्यानंतरही सोसायटी चालू राहिली, वाढली आणि आजही कार्यरत आहे. तिची घटना व आजीव सदस्यत्वाची पद्धत कोणा एका व्यक्तीवर अवलंबून नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण मानता येते.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक संस्था दोन कायद्यांच्या कक्षेत येतात. पहिला संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. या कायद्यानुसार किमान ७ व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. संस्थेची मालमत्ता स्वतंत्र विश्वस्तांकडे सोपवलेली नसेल, तर ती नियामक मंडळाकडे निहित असल्याचे मानले जाते. मंडळाच्या सदस्यांची यादी दरवर्षी नोंदणी कार्यालयात सादर करावी लागते. संस्थेच्या उद्देशांत बदल करायचा असल्यास विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने भरवलेल्या दुसऱ्या विशेष सभेत तोच निर्णय पुन्हा तितक्याच बहुमताने कायम करावा लागतो. घाईत किंवा भावनेच्या भरात संस्थेचा मूळ हेतू बदलला जाऊ नये, हा या दुहेरी अटीचा हेतू आहे. संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांना आपसांत वाटून घेता येत नाही.

दुसरा कायदा म्हणजे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. तो आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याची अंमलबजावणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. धार्मिक किंवा धर्मादाय हेतूने स्थापन झालेल्या आणि १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थाही या अधिनियमाच्या व्याख्येनुसार सार्वजनिक न्यास ठरतात. अशा संस्थेचे नियामक मंडळ कायद्याच्या भाषेत ‘व्यवस्थापक’ असते आणि ‘विश्वस्त’ या संज्ञेत व्यवस्थापकाचा समावेश होतो. त्यामुळे गावातील वाचनालयाच्या समितीवर निवडून आलेला सदस्यही केवळ हौशी कार्यकर्ता राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याच्यावर विश्वस्ताची कर्तव्ये येतात.

या अधिनियमातील काही तरतुदी मंडळाच्या दैनंदिन कामाशी थेट संबंधित आहेत. कलम २२ नुसार विश्वस्तांच्या नावांत किंवा नोंदवलेल्या इतर तपशिलांत बदल झाल्यास तो ९० दिवसांच्या आत कळवावा लागतो. या अर्जाला व्यवहारात ‘बदल अर्ज’ किंवा ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. कलम ३३ व ३४ हिशेबतपासणीविषयी आहेत. कलम ३५ नुसार न्यासाचा शिल्लक पैसा कायद्याने मान्य केलेल्या सुरक्षित ठिकाणीच गुंतवावा लागतो. कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, अदलाबदल करता किंवा दान देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासही अशीच परवानगी लागते. गैरव्यवहार किंवा कर्तव्यात सातत्याने कसूर केल्याचे सिद्ध झाल्यास कलम ४१-ड अन्वये विश्वस्ताला निलंबित करता येते किंवा पदावरून दूर करता येते.

रचना आणि पदाधिकारी

मंडळात सामान्यतः अध्यक्ष, एक किंवा अधिक उपाध्यक्ष, कार्यवाह (चिटणीस), सहकार्यवाह, कोषाध्यक्ष आणि सदस्य असतात. अध्यक्षाचे मुख्य काम सभा नियमाने चालवण्याचे असते. सर्वांना बोलण्याची संधी देणे, विषय सोडून जाणाऱ्यास आवरणे, चर्चेतून निघालेला निर्णय स्पष्ट शब्दांत मांडून मतास टाकणे आणि घटनेत तरतूद असल्यास समसमान मते पडली असता निर्णायक मत देणे ही त्याची कर्तव्ये होत. कार्यवाह हा संस्थेच्या पत्रव्यवहाराचा आणि दप्तराचा रक्षक असतो. कोषाध्यक्ष पैशाचा हिशेब ठेवतो किंवा ठेवून घेतो आणि मंडळापुढे नियमितपणे मांडतो.

मंडळाची सदस्यसंख्या घटनेत ठरलेली असते. फार लहान मंडळात एकाच घरातील किंवा एकाच गटातील लोकांचे वर्चस्व सहज निर्माण होते. फार मोठ्या मंडळात उपस्थिती घटते आणि खरे निर्णय दोघातिघांच्या अनौपचारिक बैठकीत होऊ लागतात. सदस्यांमध्ये वेगवेगळ्या जाणकारीचे लोक असणे उपयोगी ठरते. हिशेब समजणारा, कायदा जाणणारा, संस्थेच्या मूळ कामाचा अनुभव असलेला आणि संस्थेचा लाभ घेणाऱ्या लोकांना जवळून ओळखणारा अशा निदान चार प्रकारच्या व्यक्ती मंडळावर असाव्यात, अशी अपेक्षा असते. अनेक घटनांमध्ये निवडून न आलेल्या, पण उपयुक्त व्यक्तींना ‘स्वीकृत सदस्य’ म्हणून घेण्याची तरतूद असते. ही तरतूद उणीव भरून काढण्यासाठी असते. निवडणुकीत पराभूत झालेल्या आपल्या माणसाला परत आणण्यासाठी ती वापरली गेल्यास सभासदांचा निवडणुकीवरील विश्वास कमी होतो.

देणगी देणाऱ्या किंवा प्रतिष्ठित व्यक्तीला केवळ नावासाठी मंडळावर घेण्याची प्रथा मराठी संस्थांत जुनी आहे. अशा व्यक्ती सभेला क्वचितच येतात. पण त्यांची गणना एकूण सदस्यसंख्येत होत असल्याने गणपूर्तीची अडचण निर्माण होते. त्यांच्यासाठी आश्रयदाते, हितचिंतक किंवा सल्लागार मंडळ अशी वेगळी व्यवस्था करणे हा यावरचा रूढ उपाय आहे.

सभेचे कामकाज

कार्यकारी मंडळाला अधिकार असतो तो सभेत, एकत्रितपणे. एकटा सदस्य, मग तो अध्यक्ष असला तरी, घटनेने किंवा ठरावाने दिलेल्या अधिकाराखेरीज संस्थेला बांधील करू शकत नाही. म्हणून सभा नियमाने बोलावणे हे औपचारिकतेपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

सभेची सूचना घटनेत सांगितलेल्या मुदतीत सर्व सदस्यांना मिळावी लागते. सूचनेबरोबर विषयपत्रिका दिलेली असते. विषयपत्रिकेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ असा रिवाज आहे. या शेवटच्या विषयाखाली किरकोळ व तातडीच्या गोष्टी घ्याव्यात, असा संकेत आहे. जमीन, बांधकाम, नेमणूक किंवा घटनादुरुस्ती यांसारखे विषय आयत्या वेळी आणले, तर गैरहजर सदस्यांना त्यांचा विचार करण्याची संधी मिळत नाही. असे ठराव पुढे वादग्रस्त ठरण्याची शक्यता असते.

सभेला आवश्यक असलेली किमान उपस्थिती म्हणजे गणपूर्ती. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरवण्याची आणि त्या सभेला गणपूर्तीची अट न ठेवण्याची तरतूद अनेक घटनांमध्ये असते. सभासदांच्या उदासीनतेमुळे संस्थेचे काम अडू नये, म्हणून ही सोय ठेवलेली असते. परंतु प्रत्येक सभा अर्ध्या तासाने भरत असेल, तर मंडळ प्रत्यक्षात तीनचार जणांचेच उरले आहे असा त्याचा अर्थ होतो.

ठरावाला सूचक आणि अनुमोदक असतो. इतिवृत्तात चर्चेचा प्रत्येक शब्द लिहिण्याची गरज नसते. मात्र सभेची तारीख, वेळ व स्थळ, उपस्थितांची नावे व सह्या, प्रत्येक ठरावाचे पूर्ण शब्द, मतदान झाले असल्यास मतांची संख्या, विरोध नोंदवण्याची इच्छा असलेल्याचे नाव आणि अंमलबजावणीची जबाबदारी कोणावर आहे, हे सर्व त्यात असावे लागते. ‘वाचनालयाच्या दुरुस्तीबाबत चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ असा ठराव दहा वर्षांनी कोणाच्याही उपयोगी पडत नाही. त्याऐवजी ‘वाचनालयाच्या छताच्या दुरुस्तीसाठी तीन निविदा मागवून पुढील सभेपुढे ठेवाव्यात, हे काम कोषाध्यक्ष व एक सदस्य यांनी करावे’ असे लिहिले, तर पुढच्या सभेत कोणाला काय विचारायचे हे स्पष्ट होते. इतिवृत्त सभेनंतर लगेच लिहून पुढील सभेत कायम करणे ही सर्वमान्य पद्धत आहे. कोरी पाने सोडून मागाहून इतिवृत्त लिहिणे हा गंभीर दोष मानला जातो. मराठीत सभासंचालनाच्या विषयावर काकासाहेब गाडगीळ यांचे ‘सभाशास्त्र’ हे पुस्तक आहे.

अलीकडच्या काळात अनेक मंडळांचे संभाषण व्हॉट्सॲपच्या गटांवर होते. माहिती पोहोचवण्यासाठी आणि सभेची वेळ ठरवण्यासाठी हे साधन सोयीचे आहे. मात्र गटावरील अंगठ्याच्या चिन्हांना ठरावाचे रूप येत नाही. घटनेत तशी तरतूद नसेल तर असा निर्णय पुढील रीतसर सभेत मांडून मंजूर करून घ्यावा लागतो.

आर्थिक नियंत्रण

पैशाच्या बाबतीत मंडळाचे मूलतत्त्व असे सांगता येते की पैसा घेणारा, खर्च मंजूर करणारा आणि हिशेब तपासणारा हे तिघे एकच नसावेत. बँकेतील खात्यावर दोन किंवा तीन पदाधिकाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या आवश्यक ठेवण्याची प्रथा याच तत्त्वावर आधारलेली आहे. सही करणाऱ्यांपैकी एकाने कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या करून ठेवल्या, तर ही प्रथा निरर्थक ठरते. लहान संस्थांमध्ये सोयीसाठी असे केले जाते आणि गैरव्यवहाराची सुरुवात बहुधा अशा सोयीतूनच होते.

प्रत्येक देणगीसाठी क्रमांक असलेली छापील पावती, प्रत्येक खर्चासाठी व्हाउचर आणि मूळ बिल, रोजची कीर्द व तिच्यावरून खतावणी, हातातील रोख रकमेला मर्यादा आणि दरमहा बँकेच्या उताऱ्याशी हिशेबाचा मेळ या गोष्टी चांगल्या संस्थेत नित्य असतात. विशिष्ट हेतूने मिळालेली देणगी त्याच हेतूसाठी वापरणे बंधनकारक असते. उदाहरणार्थ, विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी आलेल्या रकमेतून सभागृहाला रंग देणे हा विश्वासभंग ठरतो. त्यातून कोणी वैयक्तिक लाभ घेतला नसला तरीही तो विश्वासभंगच असतो.

वार्षिक हिशेबतपासणी अनेक मंडळे केवळ औपचारिक बाब मानतात. प्रत्यक्षात या कायद्याखालील नियमांनुसार लेखापरीक्षकाला अहवालात हिशेबाखेरीज कारभाराविषयीही उत्तरे द्यावी लागतात. सभा घटनेनुसार नियमित भरतात का, इतिवृत्ताचे पुस्तक ठेवले आहे का, विश्वस्तांची किमान व कमाल संख्या राखली आहे का, न्यासाच्या गुंतवणुकीत एखाद्या विश्वस्ताचा हितसंबंध आहे का, एखादा विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का आणि मागील वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का, असे प्रश्न त्यात असतात. मंडळाने स्वतःच वर्षातून एकदा हीच प्रश्नावली वाचून प्रामाणिक उत्तरे लिहिली, तर आत्मपरीक्षणाचे एक तयार साधन हाती येते.

हितसंबंधांचा संघर्ष

मंडळाच्या सदस्याचे वैयक्तिक हित आणि संस्थेचे हित एकाच व्यवहारात समोरासमोर येतात, तेव्हा हितसंबंधांचा संघर्ष निर्माण होतो. सदस्याच्या नातलगाला बांधकामाचे कंत्राट देणे, सदस्याच्या दुकानातून खरेदी करणे, सदस्याच्या मुलीची शिक्षिका म्हणून नेमणूक करणे ही याची नेहमीची उदाहरणे होत. लहान गावात माणसे मर्यादित असतात आणि असे प्रसंग पूर्णपणे टाळता येतातच असे नाही. कधीकधी सदस्याचे दुकान खरोखरच सर्वांत स्वस्त असते.

या प्रश्नावरील मान्य रीत अशी आहे. संबंधित सदस्याने आपला संबंध सभेत स्वतःहून सांगावा, त्या विषयाच्या चर्चेत व मतदानात भाग घेऊ नये, शक्यतो त्या वेळी सभागृहाबाहेर थांबावे आणि या सर्व गोष्टींची नोंद इतिवृत्तात व्हावी. दरपत्रके इतरांकडूनही मागवलेली असावीत. हे पाळले गेले, तर व्यवहार योग्य असल्याचे दाखवण्याची सोय राहते. न पाळल्यास प्रामाणिक व्यवहारही संशयास्पद ठरतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील बाहेरच्या कामाचा वाद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तेथे कोणी संस्थेचा पैसा घेतल्याचा प्रश्न नव्हता. सदस्याचा वेळ आणि निष्ठा कोणाची, हा प्रश्न होता. यावरून हितसंबंध हा केवळ पैशाचा विषय नसल्याचे दिसते. एकाच वेळी दोन संस्थांत जबाबदारीचे पद सांभाळणाऱ्या सदस्याबाबतही तो निर्माण होतो. अशा प्रसंगांसाठीचा नियम प्रसंग येण्यापूर्वी ठरलेला असेल, तर चर्चा नियमावर होते. तो नसेल, तर चर्चा व्यक्तीवर जाते.

मंडळ आणि सेवकवर्ग

संस्थेत ग्रंथपाल, मुख्याध्यापक, अधीक्षक किंवा व्यवस्थापक असा पगारी प्रमुख असेल, तर मंडळ आणि त्याच्यातील कामाची विभागणी हा नाजूक विषय होतो. साधारणपणे काय करायचे आणि त्यासाठी किती पैसा द्यायचा हे मंडळ ठरवते. ते कसे करायचे हे प्रमुखाने ठरवायचे असते. मंडळातील सदस्य परस्पर सेवकांना आदेश देऊ लागले, तर सेवकाला अनेक मालक होतात आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. याउलट मंडळाने प्रमुखावर सर्व काही सोपवून केवळ सह्या करण्याचे धोरण ठेवले, तर देखरेख संपते.

प्रमुखाच्या कामाचा वार्षिक आढावा घेणे, त्याने मांडलेला अहवाल वाचून प्रश्न विचारणे आणि सेवकांच्या तक्रारींसाठी एक निश्चित मार्ग ठेवणे या गोष्टींनी हा तोल साधता येतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले जातात आणि त्यानुसार अनुदान मिळते. अशा ग्रंथालयांत अनुदान वेळेवर न मिळाल्यास त्याचा पहिला फटका बहुधा सेवकांच्या वेतनाला बसतो. त्यामुळे अनुदान येईपर्यंत वेतन कोणत्या निधीतून द्यायचे, याचा निर्णय मंडळाने अंदाजपत्रकातच घेतलेला असावा, हे चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण मानले जाते.

मतभेद आणि निर्णय

सर्व ठराव एकमताने मंजूर होणे हे मंडळाच्या सुदृढतेचे लक्षण मानण्याची प्रवृत्ती आढळते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे एकही प्रश्न न विचारला जाणे हे अनेकदा सदस्यांनी कागद न वाचल्याचे किंवा बोलण्याचे धैर्य नसल्याचे लक्षण असते. मतभेद मोकळेपणाने मांडता येणे, ते नोंदवले जाणे आणि निर्णय झाल्यावर सर्वांनी तो पाळणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की मंडळ कार्यक्षम होते. ज्याला निर्णय मान्य नाही त्याला आपला विरोध इतिवृत्तात नोंदवण्याचा हक्क असतो. पुढे त्या निर्णयाच्या जबाबदारीचा प्रश्न उद्भवल्यास ही नोंद महत्त्वाची ठरते.

बहुमताचा निर्णय कायदेशीर असतो. पण प्रत्येक वेळी बहुमताच्या बळावर निर्णय रेटल्यास अल्पमतातील गट संस्था सोडून जातो किंवा न्यायालयात जातो. सार्वजनिक सभेच्या १८९५ नंतरच्या फुटीत पहिला प्रकार दिसतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील आणि न्यायालयांतील अनेक वाद दुसऱ्या प्रकारचे असतात. असे वाद वर्षानुवर्षे चालतात. त्या काळात देणग्या आटतात, बँकेचे व्यवहार अडतात आणि संस्थेचे मूळ काम मागे पडते.

मुदत आणि उत्तराधिकार

अनेक संस्थांचा ऱ्हास गैरव्यवहाराने होत नाही. नवी माणसे न घडवल्याने त्या क्षीण होतात. एकच कार्यवाह वीस-पंचवीस वर्षे निष्ठेने काम करतो. संस्थेची सर्व माहिती, जुने करार, बँकेचे व्यवहार आणि देणगीदारांशी असलेले संबंध त्याच्या स्मरणात असतात. त्याच्या आजारपणानंतर किंवा निधनानंतर दप्तर कोठे आहे हेही इतरांना ठाऊक नसते. अशा व्यक्तीचा त्याग खरा असतो. पण त्याने आपली जागा घेणारा तयार केला नाही, तर त्याच त्यागाचे फळ संस्थेला गमवावे लागते.

पदाची मुदत निश्चित ठेवणे, सलग किती वेळा निवडून यावे याला मर्यादा घालणे, दर निवडणुकीत सर्व सदस्य एकदम न बदलता काही भागच बदलेल अशी रचना करणे, प्रत्येक पदाला सहायक पद ठेवणे आणि पदभार सोडताना दप्तराची यादी करून लेखी हस्तांतर करणे हे यावरील उपाय आहेत. संस्थेच्या घटनेची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, मालमत्तेची कागदपत्रे, इतिवृत्ते आणि लेखापरीक्षण अहवाल कोणा पदाधिकाऱ्याच्या घरी न ठेवता संस्थेच्या जागेत आणि प्रतिरूपात ठेवणे आवश्यक असते.

बदल अर्जाकडे झालेले दुर्लक्ष हा या संदर्भातील वारंवार आढळणारा दोष आहे. नवे मंडळ निवडून येते, काम करते, मुदत संपते, पण धर्मादाय कार्यालयातील नोंदीत जुन्याच विश्वस्तांची नावे राहतात. त्यांपैकी काहीजण दिवंगत झालेले असतात. पुढे जमिनीचा प्रश्न, अनुदानाचा अर्ज किंवा बँकेतील सह्यांचा बदल असे काम निघते, तेव्हा प्रत्यक्ष काम करणाऱ्या मंडळाला आपला अधिकारच सिद्ध करता येत नाही. मधल्या काळातील सर्व निवडणुकांची सूचनापत्रे आणि इतिवृत्ते शोधून एकामागून एक अर्ज करावे लागतात. ९० दिवसांत करावयाचे एक साधे काम टाळल्याची ही किंमत असते.

मर्यादा आणि आक्षेप

वरील नियमांवर काही आक्षेप घेतले जातात. स्वेच्छेने काम करणाऱ्या माणसांवर कागदपत्रांचा इतका भार टाकल्यास चांगली माणसे मंडळावर येण्यास तयार होत नाहीत, हा पहिला आक्षेप होय. लहान संस्थेला लेखापरीक्षक आणि वकील यांचा खर्च परवडत नाही, हा दुसरा. नियमांचे अक्षर पाळूनही संस्था निष्प्राण राहू शकते, हा तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ज्या वाचनालयाचे इतिवृत्त निर्दोष आहे पण जेथे वाचक येत नाहीत, ते वाचनालय यशस्वी म्हणता येत नाही. म्हणून मंडळाच्या विषयपत्रिकेत हिशेब आणि इमारत यांच्याबरोबर संस्थेच्या मूळ हेतूचा विचारही नियमितपणे यावा लागतो. या वर्षी किती नवे वाचक आले, कोण येईनासे झाले आणि का, हे प्रश्न मंडळाचेच आहेत.

तथापि कार्यपद्धतीच्या नियमांना यामुळे पर्याय मिळत नाही. माणसे एकमेकांवर विश्वास ठेवून असतात तोपर्यंत सूचना, गणपूर्ती, इतिवृत्त आणि दोन सह्या यांची गरज फारशी जाणवत नाही. विश्वास ओसरल्यावर मात्र त्या काळातील नोंदी हाच एकमेव आधार उरतो आणि तेव्हा त्या नव्याने निर्माण करता येत नाहीत. म्हणून चांगल्या मंडळाची खरी तयारी संस्थेचे दिवस चांगले असतानाच होते.